आबांची एक दिवसाआड दाढी

१२ जाने. ६४, रविवार

आबांना सांगलीत येऊन आज पाच दिवस. आई गेल्यापासून गावाकडे नुसते ओट्यावर बसून असायचे. शंकरदादा आणि वहिनी दिवसभर रानात. म्हणून मीच हट्टाने वडिलांना इथे घेऊन आले. आता इथे खोलीत बसून असतात. फरक एवढाच की इथे ओटा नाही.

पहाटे चारला उठतात. नळ साडेपाचला येतो, तोवर नळाकडे बघत बसतात. पाणी आलं की हाक, "कमळ, आलं गं!" तीन वर्षं मी या नळाखाली बादली लावतेय. कुणाला हाक मारून सांगावं असं कधी वाटलं नाही.

शाळेतून आल्यावर विचारते, आज कुठे जाऊन आलात?

"कुठं जायाचं?"

१५ जाने., बुध.

शाळा सुटल्यावर आबांना घेऊन नदीवर. भेळ घेतली. कागद हातात धरून उभेच. बसा की म्हटलं. बाकावर एक गृहस्थ पेपर वाचत होते, शेजारी दोन माणसांची जागा. आबा खाली पायरीवर बसले. मी बाकावर बसले होते ती उठून पायरीवर गेले.

भेळ आवडली. "लय तिखट हाय" म्हणत कागदाच्या घडीतला शेवटचा चुरमुरा काढून खाल्ला. येताना पुलावर थांबले, पाणी बघत. दहा मिनिटं तरी. वह्या तपासायच्या राहिल्या होत्या, तरी मी थांबले. पलीकडे कुणीतरी म्हशी धूत होतं. म्हशींना बाहेर यायचं नव्हतं.

१९ जाने., रवि.

आज मोठीच गोष्ट. आबांनी सलूनमध्ये दाढी केली.

गावाकडे आमच्या वस्तीतल्या सगळ्या पुरुषांची डोकी आमच्यातल्याच एका म्हाताऱ्या मामांच्या हातची. लिंबाखाली, गुडघ्यात डोकं धरून, एकच वस्तरा. मामांना कमी दिसायला लागलं तरी तेच. गावच्या न्हाव्याने आमच्यातल्या कुणाच्या डोक्याला कधी हात लावला नाही. मला हे माहीतच आहे, पण आज लिहून ठेवते.

चौकातल्या सलूनसमोर आबा थांबले. दोन खुर्च्या, मोठे आरसे. जा म्हटलं. "नगं." मग मी जरा तोडूनच बोलले. मी वाचनालयात जाते, तासाने येईन, तोवर आत जा नाहीतर इथेच उभे राहा. निघाले. मागे बघितलं नाही. वाचनालयात पेपर समोर होता, एक ओळ वाचून झाली नाही.

परत आले तर आबा सलूनच्या दारात. गुळगुळीत. पावडरीचा वास. जेवताना बोलले. मालक पांडूतात्या म्हणून, मूळ आष्ट्याचे. तेच दारात येऊन म्हणाले, "आवं काका, उनात का? खुर्ची रिकामीच हाय." बसल्यावर विचारलं, मिशी कशी ठिवू?

"मग काय सांगितलंत?"

"मला काय म्हायती? मला कवा कुनी इचारलं हुतं? म्हनलं, ठेव तुझ्या मनानं."

भाकरी मोडून झाल्यावर, मधेच, "मान अशी धरून हळू फिरवतो गं त्यो. हात लय हलका."

२२ जाने., बुध.

आबा परत सलूनला! तीन दिवसांत. समोर आरसा, मागे आरसा, त्यामुळे आपलं डोकं मागून दिसतं म्हणे. "चौसष्ट वर्सांत पयल्यांदा बघितलं. मागनं सगळा माझा बाप."

हेडमास्तर रजेवर. शांत दिवस.

२ फेब्रु., रवि.

एक दिवसाआड दाढी ठरून गेली आहे. दाढी नसेल त्या दिवशीही सलूनच्या बाकड्यावर जाऊन बसतात. तिथे कुणीतरी पेपर मोठ्याने वाचतं. आबा ऐकतात आणि संध्याकाळी मला सांगतात, तेच, जे मी सकाळी वाचलेलं असतं. मी ऐकते. त्यांच्या तोंडून बातमी बरी वाटते, आणि बरीच बदललेली असते.

समोरच्या हॉटेलातला चहा आवडतो, कारण ग्लास काठोकाठ भरतात आणि हातात देतात. सायकलवाला चाक सरळ करताना बघत उभे राहतात. हळदीच्या पेठेतून आले की धोतर पिवळं. झटकत नाहीत. काल बेकरीपाशी थांबून म्हणाले, "नुसता वास घ्याला कोन हटकत न्हाई हितं."

माझी सांगली तीन वर्षं म्हणजे खोली, शाळा, खोली. फार तर रविवारी वाचनालय. आता शनिवारी अर्धी शाळा सुटली की दोघं गरम भजी घेतो आणि नदीकडे चालत जातो. पोचेपर्यंत भजी संपतात.

११ फेब्रु., मंगळ

शंकरदादाचं पत्र. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, १५ मार्चला. आबांना पाठव. खाली आणखी एक ओळ, म्हातारं माणूस घरात नाही म्हणून चार लोक विचारतात, लग्नानंतर ते इथेच राहिलेले बरे.

सगळं वाचून दाखवलं. ती ओळही.

"नातीचं लगीन. जाया पायजेच," म्हणाले. मग, "झालं की येतो."

येतो म्हणाले. मी पत्राची घडी घातली. आमटीत मीठ दोनदा पडलं.

१६ फेब्रु., रवि.

वाईट झालं.

आबा अकराला सलूनमधून परत आले. एका गालावर साबणाचा फेस वाळलेला, दुसरा गाल केलेला. तसेच रस्त्याने आले. तांब्याभर पाण्याने तोंड धुतलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. काय झालं? काय न्हाई. दुपारी जेवले नाहीत.

संध्याकाळी थोडं सांगितलं. गावच्या पाटलांचा मेहुणा इथे पेठेत असतो, तो दाढीला आला. आरशातून आबांना ओळखलं. "अरं, तू हितं कसा? पांडू, हा आमच्या गावचा येसकर. म्हायती हाय का तुला?"

"मग पांडूतात्या काय म्हणाले?"

"काय न्हाई."

"मग?"

"मग काय. आलो."

येसकर! दवंडी, वेशीची राखण, सगळ्या गावाची पडेल ती कामं, कुणाच्या ओट्याला पाय न लावता. ते सगळं आबांनी छप्पन साली सोडलं. आम्ही बौद्ध झालो त्याच आठवड्यात घुंगराची काठी नेऊन चावडीत टेकवून आले. सात वर्षं उलटून गेली. तरी त्या माणसाच्या तोंडी तोच शब्द पहिला आला.

१८ फेब्रु., मंगळ

बाहेर पडत नाहीत. दाढी वाढतेय, निम्मी जास्त, निम्मी कमी. नळ आला तरी हाक नाही. आज बादली भरून वाहिली.

शाळेत मुलांवर ओरडले, पाढे चुकले म्हणून. मुलं पाढे रोजच चुकतात.

आबा म्हणतात, परवा जातो गावाला. लग्नाला अजून जवळजवळ महिना आहे.

२१ फेब्रु., शुक्र

काल गेले नाहीत. आज उद्या चाललंय.

शाळेला जाताना पांडूतात्यांनी दारातून हाक मारली. माझी त्यांची आजवर ओळख नाही.

"बाई, काका आजारी हायती का?"

नाही म्हटलं.

"मग पाठवा की. निम्मी दाढी करून कुनी जातं व्हय? दुकानाची अब्रू जाती." हसले. मला हसू आलं नाही. विचारून टाकलं, त्या दिवसानंतर तुम्हाला कुणी काही बोललं का?

वस्तरा पुसत होते, पुसतच राहिले. "बोलत्यात की. दोघं जन पलीकडच्या सलूनला जाया लागल्यात." मग, "तुमी काकांला पाठवा."

घरी आल्यावर आबांना निरोप सांगितला. त्या दोघांचं सांगितलं नाही. मुद्दाम. बरोबर केलं की नाही, कोण जाणे.

२३ फेब्रु., रवि.

आज आपण होऊन बोलले. मी तांदूळ निवडत होते.

"पांडूनं मला उठीवलं न्हाई, कमळ. त्याचा हातबी थांबला न्हाई. म्याच उठलो. त्यो मानूस आरशात दिसला आन् माझं पाय आपलं आपन उठलं. पांडू म्हनतोय, आवं बसा, बसा. आन् मी निम्म्या दाढीनं भाईर."

मी ताट खाली ठेवलं.

"काठी टाकली म्हनून ताठ मानंनं फिरलो. पाय तसंच ऱ्हायलं."

सवय असते ती, म्हटलं. शाळेत पोरांना समजावते तसा आवाज लागला, माझा मलाच आवडला नाही. मग त्यांना एक सांगितलं, जे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. साताऱ्यात ट्रेनिंगला होते तेव्हा हॉस्टेलच्या माठातलं पाणी घ्यायच्या आधी मी मागे वळून बघायची, कुणी आहे का. कुणी कधी एक शब्द बोललं नव्हतं मला. तरी बघायची. कुणी असलं तर तहान नाही असं दाखवून परत यायची.

आबा म्हणाले, "आजून बघतीस?"

"कधी कधी."

ताटातले खडे वेचायला लागले माझ्याबरोबर. दोघांनी मिळून तांदूळ निवडले. शेरभरच होते, पण तास गेला.

२६ फेब्रु., बुध.

गेले! मुद्दाम गर्दीच्या वेळी, नऊला. मी शाळेत. संध्याकाळी आले तर दोन्ही गाल सारखे.

जसं सांगितलं तसं लिहिते. खुर्चीत बसायच्या आधी उभं राहूनच बोलले, बाकड्यावरच्यांना ऐकू जाईल असं. "पांडू, त्यो बोलला ते खरं हाय. म्या येसकर हुतो. आता बुद्ध हाय. ह्ये ऐकून घे, मग वस्तरा धर."

पांडूतात्या म्हणाले, "काका, म्या पयल्या दिशीच वळखलं हुतं."

"कशावरनं?"

"खुर्चीत निम्मंच बसलावता. पडाया झालावता."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलायचं? तुमी सांगितलं न्हाई, म्या इचारलं न्हाई. बसा. नीट मागं टेकून बसा."

बाकड्यावर तिघं होते. एक उठून गेला, दोघं बसून राहिले. त्यातल्या एकाने पेपर पुढे वाचायला घेतला.

"आणि पाय?" मी विचारलं.

"थरथरत हुतं. पर बसलं."

१ मार्च, रवि.

पुन्हा एक दिवसाआड. काल भजी. आबांनी सायकलवाल्याला चाक कुठे वाकडं आहे ते दाखवून दिलं म्हणे, आणि त्याने ऐकलं.

आबा म्हणतात, सलूनमध्ये आता थांबावं लागत नाही, गेलं की लगेच खुर्ची. त्यांना ते सोयीचं वाटतंय. खुर्ची रिकामी का असते, ते मी सांगितलेलं नाही. पांडूतात्या रस्त्यात दिसले की मी आता मान हलवते, तेही हलवतात.

४ मार्च, बुध.

शंकरदादाचं दुसरं पत्र. लवकर पाठव, मांडवाचं बघायला माणूस नाही. रविवारचं ठरलं. मी साताऱ्यापर्यंत सोडायला जाणार, लग्नाला नंतर एका दिवसापुरती. जास्त रजा नाही.

८ मार्च, रवि. सातारा स्टँड, दुपार

आबांची कोरेगावची गाडी आत्ता सुटली. माझी सांगलीची साडेचारला. बाकावर बसून लिहितेय.

सकाळी लवकर निघालो. कऱ्हाडपर्यंत आबा उभे, मग जागा मिळाली. साताऱ्यात उतरल्यावर दोन कंदी पेढे घेतले. एकेक. सावलीत बसून खाल्ले, घाई न करता. मी ट्रेनिंगला होते त्या दोन वर्षांत एकदाही पेढा घेतला नव्हता, हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग हुतीस कशाला हितं?"

मग एकदम म्हणाले, "कोरेगावात स्टँडासमोर नवं सलून झालंय."

"कुणाचं?"

"आपल्याच गावच्या न्हाव्याच्या ल्योकाचं. शंकरनं मागं सांगितलं हुतं."

आबा पेढ्याचा कागद नखाने सरळ करत होते.

"जाणार?"

"सांगलीत म्या कोन ते मला सांगाय लागलं. तितं सांगायला नगं. त्याला म्हायती हाय, त्याच्या बापाला म्हायती हाय. तितं नुसतं आत जाऊन बसायचं."

"मग?"

"त्येच अवघड हाय गं."

गाडी लागली. गर्दीत घुसून खिडकीची जागा धरली त्यांनी, मी बघतच राहिले. पिशवी आत दिली. पांडूतात्यांना काय सांगू, विचारलं. "सांग, लग्नाला गेल्यात." परत कधी येणार, हे मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. गाडी हलल्यावर हात वर केला, तो वळणापर्यंत खिडकीबाहेरच होता.

दाढी कालच केलेली. लग्नाला अजून सात दिवस आहेत.