दादा, तुझ्या गोळ्यांबद्दल उद्या मी बोलणार आहे

प्रिय दादा,

उद्या सकाळी वैद्यकीय परिषदेपुढे तुझ्या डॉक्टरांविरुद्ध केलेल्या तक्रारीची सुनावणी आहे. वकिलांना सगळं इंग्रजीत लिहून दिलंय. पण आधी तुला सांगायला नको का? म्हणून हे पत्र.

शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात तुझ्या कमरेला मार लागला, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ट्रामाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. "दुखलं की घ्या," एवढंच म्हणाले. किती दिवस? थांबवायच्या कधी? त्यांनी सांगितलं नाही, आपण विचारलं नाही. पुढे तर तुला न तपासताच व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठी यायची. दीड वर्ष! आणि डोस वाढतच गेला.

गोळी चुकली की तुला दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे. "कंबर दुखतेय गं, दुसरं काही नाही," म्हणायचास. माझ्याशीसुद्धा खोटं बोललास रे?

पण मी तरी काय केलं? मैलापूरच्या औषधाच्या दुकानातून गोळ्या मीच आणायचे. तिथले म्हातारे दुकानदार एकदा तमिळमध्ये म्हणाले, "वेंडाम् मा, नको पोरी! भावाला दुसऱ्या डॉक्टरकडे ने." मी त्यांच्यावरच चिडले आणि दुसऱ्या दुकानातून गोळ्या घेऊन आले. त्यांचं ऐकलं असतं तर?

त्या रविवारी तू जेवून आडवा झालास. चार वाजता मी चहा घेऊन आले. हाक मारली, हलवलं. तुझा श्वास थांबला होता. त्याच डॉक्टरांनी लिहून दिलेलं दुसरं औषध झोपेचं होतं, हे मला नंतर चिठ्ठ्या चाळताना कळलं. दोन्ही एकत्र घेतली की श्वास मंदावतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं?

आई म्हणाली, "व्यसन हा शब्द काढू नकोस. लोक त्याला गर्दुल्ला म्हणतील."

"आई, तो चोरून नशा करत नव्हता. डॉक्टरांनी लिहून दिलेलं घेत होता."

ती उठून आत निघून गेली. आज सकाळी मात्र साडी काढून ठेवत म्हणाली, "उद्या मीही येते. माझा मुलगा कसा होता, ते मी सांगीन."

दादा, मी काहीही लपवणार नाही. ना तुझं खोटं, ना माझी चूक. व्यसन हा शब्द स्पष्ट उच्चारीन. आणि डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून विचारीन, माणसाला न पाहता औषध कसं लिहिलंत? उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसणार नाही, हा माझा शब्द.

तुझीच,
मधू