ज्या घरी जायचं नाही

सोमवार, ९ जून
ताईच्या घराचा पत्ता आज माझ्या स्क्रीनवर आला. 'घरात मारहाण. फोन पत्नीचा. पोलीस जाऊन आले. समेट.' पुन्हा वाचला. मजला, दार क्रमांक — तोच.

आमचा अभ्यास असा: पोलीस एकदा जाऊन आले की अशा घरांची संगणकावर सोडत काढायची. अर्ध्या घरी हवालदारबाई काही दिवसांनी पुन्हा जातात. उरलेल्या घरी कुणीच नाही. वर्षाने बघायचं, मार कुठे थांबला. सोडतीचा प्रोग्रॅम माझा. चोख आहे.

ताईचं घर: भेट नाही.

मंगळवार, १०
ओळखीचं घर निघालं तर अभ्यासाच्या प्रमुख मॅडमना सांगून बाजूला व्हायचं, हा नियम. मी बाजूला झाले, तर माझ्या खुर्चीत दुसरं कुणी बसेल. घर मात्र तिथेच राहणार! निकाल हाताने बदलता येतो. पण मग सगळा अभ्यास खोटा, आणि त्याच्या भरवशावर पोलीस उद्या कितीतरी दारांवर जाणार किंवा जाणार नाहीत. मॅडम म्हणतातच, "दया आली की आकडा बाटला."

गुरुवार, १२
हवालदारबाई चहा घेऊन टेबलापाशी आल्या. "काय गं, तोंड का एवढंसं झालंय? कुठलं घर डोक्यात बसलंय? सांग, जाता जाता डोकावते. माझ्या पायांना कुठे तुझी सोडत कळते!"

हसले. सांगितलं नाही.

रविवार, १५
ताईकडे जेवायला. पाणी डाव्या हाताने ओतत होती. उजवा मांडीवर.

"या शास्त्रज्ञ मेव्हणीबाई! या आठवड्यात किती नवरे आत घातलेत?" — भाऊजी. स्वतःच्या विनोदावर आधी स्वतःच हसतात.

ताईने विचारलं, "ऑफिसात काय नवीन?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही गं."

माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वाढू अजून?"

सोमवार, १६
निकालाच्या रकान्यावर कर्सर ठेवून बसले. बदलला नाही. ताईच्या घरीही गेले नाही. कुठल्या तोंडाने जाऊ? मला काही माहीतच नाही ना!

मंगळवार, १७
मॅडमना सांगितलं. "बरं केलंस," म्हणाल्या आणि माझं ऑफिसचं कार्ड काढून घेतलं.

"आणि ते घर?"

"ते जिथे आहे तिथेच."

भाऊजी कामावर होते. मी सरळ ताईकडे गेले. दारातच म्हटलं, "बॅग भर."

तिने का म्हणून विचारलं नाही.

बुधवार, १८
ताई माझ्या पलंगावर झोपली आहे. झोपण्याआधी म्हणाली, "तुला तोंडाने सांगायची लाज वाटायची गं. म्हणून पोलिसांना फोन केला. म्हटलं, असे फोन तुझ्याच टेबलावर येतात, तुला कळेल. रोज वाटायचं, आज येशील."

मी म्हटलं, "तुझा पत्ता माझ्या स्क्रीनवर कालच आला."