मंगळवारचा फोन

प्रिय बाबा,

आज सकाळी तुमचा मोबाइल वाजला. तो आता माझ्याकडे नागपुरात, मनीषनगरला असतो. पलीकडून दवाखान्यातली कुणी नवी सिस्टर जुन्या यादीवरून बोलत होती, "काका, आज वजन केलं का? पायावर सूज?" तुम्ही जाऊन कितीतरी महिने झाले, बाबा! मी तसं सांगितलं. ती "सॉरी" म्हणाली. तेव्हापासून जिवाची आग होते आहे, म्हणून लिहायला बसले.

हृदय अशक्त झालंय म्हणून पहिल्यांदा नागपूरच्या दवाखान्यात होतात, तेव्हा कल्पना सिस्टरनं तुम्हाला सगळं शिकवलं. सकाळी चहाआधी वजन, मीठ बेतानं, पाणी मोजून. मग दर मंगळवारी त्यांचा फोन. तुम्ही पडलात टेलर! घोट्याला टेप गुंडाळायचात आणि ऐटीत सांगायचात, "माप तेवढंच हाय जी, सिस्टर." एकदा वजन अचानक वाढलं, तर त्यांनी डॉक्टरांना विचारून लघवीची गोळी वाढवली, आणि ॲडमिट न होता तुम्ही सावरलात. आपल्या खापा गावातलं दुकान पुन्हा उघडलंत!

आणि मी फोन केला की? "ठीक हाय वं पोरी." बस. त्यांना घोट्याचं माप, मला एवढंच! काहून, बाबा?

मग दवाखान्यानं सिस्टरला दुसऱ्या वॉर्डात टाकलं. फोन बंद. तुम्हाला कुणी कळवलंसुद्धा नाही! माणसाला अशी सवय लावायची आणि मधेच सोडून द्यायचं?

पुढचं आईनं सांगितलं. "पाय सुजले, चप्पल चढेना. म्या म्हनलं, नागपूरले जाऊ. तं म्हने, मंगळवारी सिस्टरले विचारू. मंगळवार गेला, तं म्हने, पुढच्या मंगळवारी. आडवं झोपता येईना, तं भिंतीले टेकून बसून राहत. पोरीले सांगू नको म्हने, ते कामात असते."

दवाखान्याचा दुसरा नंबर तुम्ही लावला होतात. कुणी फोन उचलला नाही. माझा तर तुम्हाला पाठ होता ना?

मग एका पहाटे तुम्हाला श्वास लागला. दादानं गाडी काढली. नागपूर यायच्या आत सगळं संपलं.

तेरवीला कल्पना सिस्टर आल्या होत्या. "मले वाटलं, माझ्या जागी कोणीतरी फोन करत असंल," म्हणाल्या आणि पदरात तोंड लपवून रडल्या. त्यांच्यावर रागावताही येईना. ज्यांच्यावर रागवायचं, ते फोन बंद करणारे साहेब तर तेरवीला येत नसतात!

रागवायला उरलात तुम्ही. सिस्टरला विचारायचं म्हणून किती वाट पाहायची, बाबा? सगळे सांगतात, मोठे समजूतदार होते. मला ते ऐकवत नाही.

आई मात्र अजून म्हणते, "तुझ्या बाबानं कोनाले तरास देला नाही." तिच्यासमोर मी मान हलवते. तिच्या हयातीत तिच्या कानावर माझ्या तोंडून तुमच्याबद्दल एकही वाकडा शब्द पडणार नाही, हे वचन. तुम्हाला माफ करीन, हे वचन आज देत नाही.

तुमची,
वंदना