भाजलेली रेती

बाबा, थकून गेले आहे. दिवसभर पडद्यासमोर बसून नळ्या वाकवते मी, खऱ्या नाहीत, संगणकातल्या. धातू कोणता, जाडी किती, वळण केवढं ते भरायचं आणि बघत बसायचं. आतल्या अंगाला सुरकुत्या पडतात का, बाहेरच्या अंगाला पातळ होऊन फाटते का. फाटली तर पुसून पुन्हा. कुणाला लागत नाही.

राजुऱ्याच्या आपल्या वर्कशॉपात तुम्ही हेच करायचात, पाईपात रेती ठासून. रेती घमेल्यात भाजायची, भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी बूच ठोकायचं आणि भट्टीत लाल करून वाकवायचं. रेती दमट राहिली तर आत वाफ कोंडते, हे मला कॉलेजच्या आधीच ठाऊक होतं. आणि तरी कॉलेजच्या एका सुट्टीत, ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचा पाईप भट्टीत सरकवताना तुम्ही विचारता, "रेती भाजली ना वं?" मी म्हणते, "हो." भाजली नव्हती; हाताला कोरडी लागली होती, ऊन रणरणत होतं, मला घरी जायचं होतं. बूच उडालं ते तुमच्या डाव्या डोळ्यावर बसलं.

दवाखान्यात तुम्ही येईल त्याला सांगत होतात, "भाजलेल्या रेतीत ओली माह्याच हातानं मिसळली असन. पोरीचा काई दोष नाई." मला वाटलं, पाठीशी घालताय. पण तुम्हाला खरंच तसं वाटत होतं. बरे झाल्यावरही भट्टी पेटवली नाहीत. "हात चुकाले लागला आता," म्हणायचात, आणि शेवटपर्यंत त्याच वर्कशॉपात नटबोल्ट विकत बसलात. डोळ्यापेक्षा मला ते जास्त लागतं.

मागच्या आठवड्यात पडद्यावर धड दिसलेली नळी कारखान्यात तडकली. जाडीचा आकडा मीच चुकवला होता. साहेबांनी विचारल्याबरोबर "माझी चूक" म्हणून मोकळी झाले. त्यांनी मान हलवली, चहा मागवला. एवढंच असतं हो ते. तुमच्यासमोर मात्र इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरली.

तुम्ही गेलात, तुम्हाला आता काही पाठवता येत नाही, निदान आईला खरं सांगावं म्हणून सुट्टी काढून घरी आले. आज दुपारी शेजारीण बसली होती. आई नेहमीसारखी म्हणाली, "हिच्या बाबानं भाजलेल्या रेतीत ओली मिसळली, अन् डोळा गमावून बसले." मग माझ्याकडे वळून, "नाई वं?"

मी "हो" म्हणाले, बाबा.