पाय कुणीकडे करायचे

आई, दुपारची जेवणं आटोपली की मी आता हातातलं सगळं टाकून आडवी होते आणि दोन्ही पाय उशांच्या ढिगावर चढवते. तुझ्या पोटऱ्यांवरच्या त्या निळ्या, गाठाळ शिरा माझ्याकडे आल्या आहेत. नाक बाबांचं, रंग बाबांचा, पाय मात्र तुझेच. नर्स म्हणून मी किती बायकांचे पाय धुतले आणि बांधले, आणि प्रत्येकीला ठणकावून सांगितलं, की चालण्याने पाय बिघडत नाहीत, एका जागी खिळून उभं राहण्याने बिघडतात. त्यांना वाटायचं, बाई पुस्तकातलं सांगतेय. मी ते नगरकडच्या देवळालीजवळच्या आपल्या एका खोलीच्या घरात शिकले.

मिशनच्या शाळेत तू एकटी शिक्षिका, आणि चार इयत्ता एकाच खोलीत. खुर्ची होती, पण तिच्यावर तू छडी आणि खडू ठेवायचीस. "बसून शिकवलं की पोरं पेंगतात," म्हणायचीस आणि दिवसभर फळ्यापाशी उभी. धाकटा पोटात असताना शिरा फुगल्या त्या फुगल्याच. संध्याकाळी घोटे सुजलेले असायचे. मी शिरांवरून बोट फिरवलं की चापट बसायची. "पायाकडं काय बघतीस? पाटीकडं बघ." मग एकदा गाडीतून उतरताना घोट्याच्या वर खरचटलं. एवढंसं. पण ते बुजेचना. हळद झाली, कडुलिंबाचा पाला झाला, शेजारीण जळवा लाव म्हणाली. पावसाळा सरला तरी जखम पसरतच होती. वास यायला लागला, पुढच्या ओळीतल्या पोरी मागे सरकून बसायला लागल्या, आणि शाळेला दुसरी बाई बघावी लागेल असं चर्चच्या मंडळीतले वडीलधारे बोलू लागले. तू त्या रात्री जेवली नाहीस. शाळा गेली असती तर तू आतून संपली असतीस, हे मला लहान असूनही कळत होतं.

बाबांनी तुला नगरच्या दवाखान्यात नेलं, मीही बरोबर होते. डॉक्टरीणबाईंनी तुझ्याच पोटरीवर बोट ठेवून समजावलं. रक्ताला पायातून वर चढावं लागतं. शिरांत बारीक झडपा असतात, त्या रक्त खाली येऊ देत नाहीत. तुझ्या झडपा ढिल्या झाल्यात, म्हणून रक्त खाली साचतं आणि जखम ओलीच राहते. चाललं की पोटरी आवळते आणि रक्त वर ढकलते. सकाळी उठायच्या आधी बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी बांधायची, घोट्याला घट्ट आणि वर जरा सैल. आणि रोज दुपारी छातीपेक्षा उंच पाय ठेवून पडायचं. ते केलं नाही तर पट्टीचा उपयोग नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं.

पट्टी तू नेमाने बांधलीस. पण पाय वर करून पडली नाहीस. दुपारी घरी येऊन कुशीवर मुटकुळं करून पडायचीस. मला राग यायचा, ऐकत का नाही म्हणून. एका दुपारी आजोबा, म्हणजे तुझे सासरे, मोट सोडून घरात आले आणि तुला तशी पाहून उंबऱ्यातच थांबले. "डाक्टरीन काय म्हनली हुती?" तू गडबडीने उठून पदर सावरलास आणि झडपांपासून सगळं सांगितलंस. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे बैल उबं ऱ्हायलं की मोट वर येत न्हाई."

"व्हय, मामंजी."

"आन् पाय उच्चीवर ठिवलं, की मोटंबिगरच पानी उताराला लागतं. मग ठिवीत का न्हाईस?"

तू खाली बघून म्हणालीस, "कुनीकडं करू?"

आजोबांनी खोलीभर नजर फिरवली. मीही तेव्हाच पहिल्यांदा फिरवली. एका भिंतीच्या कोनाड्यात पवित्र शास्त्र. दुसरीशी चूल. तिसरीशी बाजरीची कणगी. चौथ्या बाजूला दार, आणि दारात घोंगडीवर, दुपारी मोट सोडली की, ते स्वतः. सासऱ्याकडे पाय करणारी सून आपल्या गावात कुणी बघितली नव्हती.

त्यांनी कोपऱ्यातलं भुशाचं पोतं ओढून तुझ्यापुढे टाकलं, घोंगडी उचलली आणि बाहेर लिंबाखाली नेऊन अंथरली. "दाराकडं कर पाय. दारात आता कुनी न्हाई." आणि घराकडे पाठ करून बसले. त्या दिवसापासून रोज दुपारी ते तिथेच, तसेच पाठमोरे. कुणी आलं की अंगणातच अडवायचे आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "सून पाय वर करून पडलीया! डाक्टरनीचा हुकूम हाय!" तू आत लाजून लाल व्हायचीस. माझा आजोबांवर एवढा जीव कधीच नव्हता, तेव्हा जडला.

चिंचा झोडपायच्या दिवसांत जखमेवर खपली धरली. शाळा तुझीच राहिली. तू ओळींमधून फिरत शिकवायला लागलीस, आणि पोरं गणितं करायची तेव्हा उभ्या उभ्या टाचा वर-खाली करायचीस. बघून बघून सगळा वर्ग ते करायला लागला. डेप्युटीसाहेब तपासणीला आले, त्यांना ती कवायत वाटली आणि ते खूश होऊन गेले. आता शिरा औषधाची सुई टोचून बंद करतात, लेसरनेही करतात, घट्ट मोजे मिळतात, मी घालतेही. पण चाला, टाचा उचला, पाय वर ठेवा, हे अजून कुणी बदललेलं नाही.

माझी खोली लहान आहे. पाय करायला एकच भिंत मोकळी, आणि तिच्यावर तुझा फोटो. सुरुवातीला मी तो पाठमोरा करून ठेवला होता, आजोबा बसायचे तसा. माझी सून हसली. पण मग दुपारी तुझ्याशी बोलता येईना, म्हणून पुन्हा सरळ केला. तेव्हा सांगूनच टाकते, आई. हे सगळं बसून लिहिलेलं नाही. उताणी पडून, पुठ्ठा पोटावर घेऊन लिहिलंय, पाय तुझ्याकडे करून.