उजव्या कुशीवर

५ नोव्हेंबर
पोचले एकदाची! राहुरीहून नगर, नगरहून पाथर्डी आणि शेवटचा टप्पा टेम्पोत कांद्याच्या गोण्यांवर बसून. अंगाला वास येतोय, पण मन अगदी धुतल्यासारखं आहे.

दिवाळी झाली की इकडची गावंच्या गावं ऊसतोडीला निघून जातात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना सोबत नेता येत नाही. म्हणून एका ट्रस्टने लग्नाचं कार्यालय हंगामापुरतं घेऊन त्यात खाटा मांडल्या आहेत. पट्टा पडला, म्हणजे कारखाने बंद झाले, की पोरं येऊन आपापलं माणूस घरी नेतात. स्टेजवर थर्माकोलचे मोर अजून तसेच आहेत, वर सोनेरी अक्षरांत ‘नांदा सौख्यभरे’, आणि त्याखाली ऑक्सिजनचं सिलिंडर! मदतनीस हनुमंत म्हणाला, “सिस्टर, आपल्या कार्यालयात नवरा-नवरी सोडून समदे येत्यात.” दुसऱ्या मदतनीस मनकर्णामावशी. शिकलेली परिचारिका मी एकटीच.

कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली जिंकल्या, मोर्चात माईक हाती घेतला. आता बोललेलं करून दाखवायची वेळ आहे. सेवा म्हणजे दया नव्हे. ते देणं आहे, आणि ते चोख दिलं पाहिजे.

९ नोव्हेंबर
आज दगडाबाई आल्या. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. डाव्या हातात पितळी कडं. मुलगा भागवत आणि सून चांगुणा कोपरगावकडे निघालेले. बाहेर ट्रॅक्टर हॉर्न मारतोय आणि चांगुणा सासूचं डोकं विंचरतेय.

जाताना तिने मला बाजूला घेतलं. म्हणाली, “उजव्या कुशीवर पडली का तिला आपलंआपलं फिरता येत न्हाई, ताई. लई येळ ठिऊ नका तशी. काय लागलं तर कडं वाजवती. तिचं बोलनं आता तेवढंच.”

मी तिचा हात धरून कर्तव्य, माणुसकी, शपथ या सगळ्यावर बोलले. तिचे डोळे भरून आले. मागून हनुमंत ओरडला, “आवरा सिस्टर, ट्रॅक्टर चालला!”

१७ नोव्हेंबर
मनकर्णामावशींना कूस बदलायची पद्धत दाखवली. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. ओढायचं नाही, कातडी सोलवटते. गुडघ्यांमध्ये उशी, खालचा हात पुढे काढून ठेवायचा. दर दोन तासांनी. मावशी म्हणाल्या, आमच्या म्हशीचंसुद्धा एवढं कुणी केलं नाही.

दगडाबाईंशी माझं चांगलं जमलंय. दुपारी त्यांना माझी जुनी भाषणं ऐकवते. संपलं की त्या खाटेच्या दांडीवर कडं आपटतात. टण्, टण्! म्हणजे टाळी. अर्ध्या तोंडाने हसतातही. मला असा श्रोता कधी मिळाला नव्हता.

२८ नोव्हेंबर
काय दिवस होता! ट्रस्टचा कार्यक्रम, आणि विषय माझ्याच जिव्हाळ्याचा: ‘आजाऱ्याचा हक्क आणि सेवकाचं कर्तव्य’. गावात माणूसच उरलेलं नाही, खुर्च्या भरायच्या कुणी? अध्यक्षांनी सांगितलं, बसता येणारे सगळे बाहेरच्या मांडवात आणा. हनुमंत आणि मावशींनाही मीच पुढच्या रांगेत बसवलं. दगडाबाईंना खिडकीकडे तोंड करून उजव्या कुशीवर निजवलं, म्हणजे मी त्यांना दिसेन.

पाहुणे नेहमीप्रमाणे उशिरा आले. मग सत्कार, नारळ, प्रास्ताविकं. मी उभी राहिले आणि बोलतच गेले. खाटेवरच्या माणसाला आवाज नसतो, मी म्हटलं, म्हणून आपण त्याचा आवाज व्हायचं! खिडकीतून कडं वाजलं. माझी पहिली टाळी दगडाबाईंची. पुढे ते वाजतच राहिलं. मी आवाज चढवला. मांडव दणाणला.

चहा, फोटो, अध्यक्षांची शाबासकी. आत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. दगडाबाई तशाच होत्या. खालचा हात अंगाखाली अडकलेला. कूस बदलली. कमरेवर जरा लाल झालंय. जाईल.

२ डिसेंबर
गेलं नाही. फोड आला, फुटला, आणि मधोमध काळं पडलंय.

डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, आज आले होते. दगडाबाईंच्या खाटेशी ते पोचले तेव्हा मी चादर नीट केली आणि म्हटलं, यांचं ठीक आहे. ते पुढे गेले. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, हे झालं कसं? त्या दुपारी कूस का बदलली नाही? मी चांगली मलमपट्टी करते. मीच बरं करीन. मनकर्णामावशींनी चादर उचलून पाहायला हात पुढे केला, तेव्हा मी खेकसले, “शिकलेली मी आहे का तुम्ही?”

दगडाबाई माझ्याकडे बघत होत्या. कडं वाजवलं नाही.

७ डिसेंबर
वास लपेना. अंगात सणसणून ताप. अखेर डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, हे आठवड्यापूर्वी सांगायचं होतं. नगरला हलवायचं ठरलं. गाडी फाटकात वळत होती आणि इकडे त्या गेल्या. भर दुपारी, डोळे उघडे, माझ्याकडे तोंड.

त्या दिवशी ती टाळी नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं. टाळी भाषण संपल्यावर असते. मधेच, सारखी, अशी नसते. कळलं, आणि मी आवाज चढवला.

८ डिसेंबर
भागवत आणि चांगुणा कोपरगावहून आले. अंगावर उसाची कुसं तशीच. अंत्यविधी झाला. नंतर चांगुणाने मला विचारलं, “ताई, कूस बदलत हुता ना?” कसली शंका नव्हती त्यात. फक्त ऐकायचं होतं तिला.

मी म्हटलं, “दर दोन तासांनी.”

तिने सासूचं पितळी कडं माझ्या डाव्या हातात चढवलं. म्हणाली, “लई केलं तुमी तिचं. पोटच्या पोरीवानी. हे तुमालाच ऱ्हाऊ द्या.” भागवतने माझ्या पायांना हात लावला. एवढा मोठा माणूस, माझ्या पायांना.

मी मागे सरले नाही.

११ डिसेंबर
दुपारी जरा पडले होते. जागी होते, हे लिहून ठेवते. उन्हाचा पट्टा भिंतीवर होता, बाहेर हनुमंत बादली घासत होता. माझ्या खांद्याखाली एक हात आला. एक कमरेखाली. ओढलं नाही. अलगद, अगदी शिकवल्यासारखं, मला उजव्या कुशीवर वळवलं. गुडघ्यांमध्ये उशी सरकली.

खोलीत कुणी नव्हतं. उशी मात्र होती.

१३ डिसेंबर
आजही. पाठीवर निजले, उजव्या कुशीवर वळवली गेले. डाव्या कुशीवर निजले, तरी तेच. हात वाईट नाहीत. त्यात राग असता तर सोसलं असतं. ते काळजी घेतात. फक्त एकाच बाजूला वळवतात, आणि मग सोडून जातात.

कडं निघत नाही. साबण लावला, तेल लावलं. हनुमंत म्हणाला, “आता सोनाराकडंच जावं लागंल सिस्टर, न्हाई तर लोहाराकडं.” हसला बिचारा. मलाही हसू आलं, पण अर्ध्याच तोंडाने. आरशात पाहिलं.

१५ डिसेंबर
ठरवलं, खरं सांगायचं. चांगुणाला फोन लावला. मागे कोयत्यांचा आवाज, पाचट तुडवल्याचा आवाज. मी सुरुवात केली आणि तोंडून बाहेर पडलं ते सांत्वन. मृत्यू, सेवा, ऋणानुबंध. किती सुंदर बोलले मी! ती पलीकडे रडत होती. म्हणाली, “ताई, तुमच्यावानी मानसं हायती म्हणून आमी पोटामागं हिंडतो.”

फोन ठेवला. मला बोलता येतं. सांगता येत नाही.

१७ डिसेंबर
अंगाखाली उजवा हात राहिला होता. मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर म्हणून असं.

कमरेवर लाल झालंय. कुणाला दाखवू? दाखवलं तर विचारतील, झालं कसं.

१९ डिसेंबर
पडले. मावशींनी उचलून त्या खाटेवर ठेवलं. खिडकीजवळच्या. दुसरी रिकामी नाही म्हणाल्या.

डॉक्टर आले. सांगायला तोंड उघडलं— नुसता घशातला आवाज. आता खरं सांगायला तयार आहे, आणि— माझ्या जागी ट्रस्टने आजच पाठवलेली नवी सिस्टर पुढे झाली. आरती नाव. तरुण. चुणचुणीत. चादर नीट करून म्हणाली, यांचं ठीक आहे.

२२ डिसेंबर
आरती चांगली आहे. माझ्याशी बोलते. वही धरू देते. काल तिने मला काहीतरी वाचून दाखवलं, कर्तव्यावर. संपल्यावर माझ्याकडे बघत राहिली. मी कडं आपटलं. काय करणार— तिला किती आनंद झाला.

आपटायला नको होतं. आता तिला वाटेल की—

२४ डिसेंबर
मांडव घातलाय. खुर्च्या. हनुमंत, मावशी, सगळे बाहेर. आरतीने मला खिडकीकडे वळवलं. म्हणाली, मी दिसेन तुम्हाला.

उजव्या कुशीवर.

ऊन खिडकीच्या वर गेलं. पाहुणे आले. नारळ. खालचा हात अंगाखाली आहे. आता तो माझा वाटत नाही. दुसऱ्या कुणाचा तरी, गार. वास येतोय. कुणीतरी माझ्या पाठीमागे निजलंय, अगदी लागून, ऐकतंय—

आरती उभी राहिली. बोलतेय. खाटेवरच्या माणसाला आवाज नसतो, म्हणून आपण—

चांगुणा, मी कूस बदलली नव्हती. लिहिलं. मला ऐकू आलं होतं. लिहिलं, इथे आहे, कुणीतरी तिला—

कडं वाजवायला हवं. हात एकच आहे. पेन खाली ठेवल्याशिवाय वाजत नाही. ठेवते. ती थांबेल. मी थांबले नव्हते, पण ती तरुण आहे, चांगली आहे, ती ऐकेल—

वाजवलं. तिने खिडकीकडे पाहिलं. हसली.

पुन्हा वाजवलं. सारखं. आता तिला कळलंय, दिसतंय मला, तिला कळलंय—

तिने आवाज च