वरच्या फळीबद्दलची तक्रार

सोमवार, १६ मार्च २०२६, सकाळ

चि. धाकटीस,

आशीर्वाद. मी ठीक आहे. तूही ठीक असावीस, आवाजावरून तरी तसं वाटलं. तो मी कुठे ऐकला, ते येईलच पुढे.

एकतीस वर्षं विमा कंपनीच्या तक्रार विभागात काढली. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले की आधी तारीख, वेळ, ठिकाण लिहा, रडगाणं नंतर. तर घे.

शनिवार, १४ मार्च २०२६, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. डिझाइन कॉलेजचा दुसरा मजला, पडदे ओढून अंधार केलेली खोली, समोर चाळीस माणसं. त्या चाळिसांना तू भिंतभर मोठी करून माझी पाठ दाखवलीस.

पाठच होती, चेहरा नव्हता, हे ठाऊक आहे मला. पण स्वतःचा निळा गाऊन आणि स्वतःचा विरळ अंबाडा माणूस ओळखतो. खाली लिहिलं होतं: 'वापरकर्ती. स्त्री, वय ७२, एकटी राहते, उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया.' वापरकर्ती! तुझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं घालून दिली मी, तुझ्या पहिल्या नोकरीचा अर्ज सात वेळा फाडून आठव्यांदा लिहून घेतला, आणि शेवटी हुद्दा मिळाला तो हा.

तू म्हणशील, ताई तिथे कशी? नाव घातलंय मी त्या वर्गात. पत्रकात छापलं होतं की आतल्या सजावटीचा हा शनिवारचा वर्ग विद्यार्थ्यांसाठी आणि व्यवसायात असलेल्यांसाठी आहे, शिवाय 'जिज्ञासूंचेही स्वागत'. मी जिज्ञासू. तिसऱ्या शनिवारी पाहुण्या म्हणून तू येणार, हे त्याच पत्रकात मागच्या बाजूला होतं. मी फक्त पुढची बाजू वाचली होती, असं इथे लिहायचं ठरवलं होतं. पण राहू दे. दोन्ही बाजू वाचल्या होत्या. टाइलवाल्या एका गृहस्थांची पाठ चांगली रुंद आहे, तिच्या आडोशाला शेवटच्या रांगेत बसले होते.

तक्रारीचा दुसरा मुद्दा. पुढच्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीने तुला विचारलं, "मॅडम, क्लायंट हट्टी असेल तर काय करायचं?"

तू म्हणालीस, "वाद घालायचा नाही. चहा प्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं, आणि हळूच टेप काढायची. या बाईंना मोजायला मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या."

सगळे हसले. तीन नाही, दोन. पहिल्या वेळी मी खरंच घरी नव्हते.

मग तू हसणं थांबवून म्हणालीस, "या बाईंनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरात वरची फळी अशी लावली, की मागायची वेळच येऊ नये." शेजारचे सगळे लिहून घेत होते, तर मीसुद्धा लिहून घेतलं. ते वाक्य माझ्या वहीत माझ्याच अक्षरात आहे आणि काल दिवसभर मी ते पान उघडून बंद करत होते.

'माझी बहीण' म्हणायला तुला काय झालं होतं?

इथे उठले होते. भांडी विसळली, खिडकी उघडली, बंद केली, परत उघडली. हे पत्र मी काल दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा याच जागी अडले. याच्यापुढे माझी बाजू जरा पातळ होते.

तुझं बोलणं झाल्यावर प्राचार्य तुला चहाला घेऊन गेले. खोलीत दिवे लागले. माझ्या शेजारी एक सुतार बसतो, पंचेचाळिशीचा, कानावर पेन्सिल, वहीत आकड्यांशिवाय काही नाही. तुझा आकडा त्याने चौकटीत लिहिला होता: हात पोचतो १८३ सेंटीमीटर, वरची फळी १८० वर. मला म्हणाला, "मावशी, बरं झालं हे मिळालं. वृद्धाश्रमाचं काम घेतलंय, चौदा खोल्या. प्रत्येक खोलीत एक फळी. सोमवारी, तेवीस तारखेला भिंतीला भोकं पाडायची आहेत."

मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "तुम्ही साधारण त्या फोटोतल्या बाईंएवढ्याच दिसता. जरा हात वर करता का?"

नाही म्हणायच्या आत त्याने टेप काढली होती. वर्गात आपण शिकणारी माणसं, त्यामुळे कुणी कुणाला मोजलं तरी कुणाला विचित्र वाटत नाही. मी भिंतीला लागून उभी राहिले. तो खाली बसला आणि माझ्या टाचांकडे बघत म्हणाला, "टेकवा मावशी, टेकवा." टेकवल्या.

एकशे चौऱ्याहत्तर.

"आं?" त्याने पुन्हा मोजलं. "नऊ सेंटीमीटर कमी? मावशी, मॅडमचा आकडा चुकला की तुम्ही आखडलात?"

मी काय म्हणावं! मी म्हणाले, "आमच्या घराण्यात सगळे बुटकेच."

"हां, मग ठीक आहे," म्हणाला. "मॅडमनी खऱ्या बाईंना मोजलंय, त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन. तोच धरतो." आणि त्याने माझा आकडा खोडून टाकला.

आता ऐक. शाळेत दर शुक्रवारी कॅथलिक मुली कबुलीला जायच्या. आम्ही बाकीच्या बाहेर बाकावर बसून त्यांचा हेवा करायचो. आत जायचं, जाळीआडून पाद्र्यांना आपलं पाप सांगायचं, आणि बाहेर येऊन निवांत लंगडी खेळायची. आमच्यासाठी तशी सोय नव्हती. म्हणून माझी इथे, कागदावर.

तू मोजायला आलीस तो दिवस आठव. तू स्टुलावर चढून हातात पेन्सिल घेऊन उभी, मी भिंतीकडे तोंड करून, हात वर. वरून तू विचारलंस, "ताई, टाचा टेकल्यात ना?"

मी म्हणाले, "मग काय, नाचतेय की काय मी?"

आणि तू खाली पाहिलं नाहीस. दुसऱ्या कुठल्याही बाईच्या पायाशी तू वाकून बघितलं असतंस, शनिवारी तू त्या चाळिसांना तेच तर शिकवत होतीस. पण ताईला एकदा विचारून ताई खेकसली की तू गप्प बसतेस. चौसष्ट वर्षं असंच चाललंय.

मी चवड्यांवर उभी होते, धाकटे. तू खूण केलीस, उतरलीस, "तशीच थांब, फोटो घेते" म्हणालीस, आणि माझ्या पोटऱ्या थरथरत होत्या. भिंतभर मोठ्या त्या फोटोत माझा गाऊन, जो एरवी फरशी झाडत असतो, चांगला चार बोटं वर तरंगतोय. चाळीस जाणकारांनी तो पाहिला. एकाच्याही लक्षात आलं नाही. तुझ्याही नाही.

का केलं? आधीच्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला मोजलं होतं. पाच सेंटीमीटर कमी झालेय मी. मणके बसतात म्हणे, वयाने होतं. ते असं म्हणाले, जणू केस पांढरे झालेत. घरात उंच म्हणजे मी. माळ्यावरचं काढायला मी, बल्ब बदलायला मी, गर्दीत तुला खांद्यावर घेऊन काय चाललंय ते दाखवायला मी. तू टेप लावणार आणि आकडा बघून काही बोलणार नाहीस, नुसता चेहरा मऊ करशील, ते मला नको होतं. तेवढ्यासाठी.

फळी सुंदर आहे. लाकूड छान, कडा गोल, खाली दिवा. तुझ्या हाताने लावलेल्या काचेच्या बरण्या आठ महिने जिथल्या तिथे आहेत, कारण मला त्यांना हात लावता येत नाही. चहा, साखर, डाळी, सगळं ओट्यावर डब्यांत मांडलंय. पहिल्या पहिल्यांदा स्टूल घ्यायची. बारा जानेवारीला स्टुलावरून पडले. शेजारणीला सांगितलं, न्हाणीघरात घसरले. चाळीस मिनिटं फरशीवर बसून होते, मनगट सुजलं होतं. तेवढ्यात तुझा फोन वाजला, ओट्यावर. पूर्ण वाजून थांबला. पुन्हा वाजला.

नंतर मी उलट फोन केला नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही नाही. तुला वाटलं असेल ताई कशावरून तरी फुगलीय. आपल्या मोठ्या भावाकडे तू म्हणालीसही तसं, त्याने मला सांगितलं. फुगले नव्हते. फोनवर तू दरवेळी पहिलं विचारायचीस, "फळी कशी आहे?" आणि मी दरवेळी म्हणायची, "उत्तम." किती वेळा म्हणणार?

त्या वर्गात मी आले ती भिंतीतली फळी कुणाला न कळवता खाली कशी घ्यायची, ते शिकायला. पहिल्या दोन शनिवारी रंगांचं तापमान शिकवलं. तिसऱ्या शनिवारी तू आलीस आणि माझं खोटं चाळीस वह्यांत उतरवून दिलंस. आता चौदा म्हाताऱ्या बायका आपापल्या खोलीत स्टूल शोधतील. त्यातली एखादी पडेल. तिच्या ओट्यावर फोन वाजेल की नाही, मला ठाऊक नाही. तेव्हा त्या सुताराला खरं सांगायला माझी जीभ वळली नाही, आणि त्याचा फोन नंबर माझ्याकडे नाही.

म्हणून माझी मागणी. येत्या शनिवारी वर्गाचा शेवटचा दिवस आहे. तू तिथे येऊन, नाहीतर कॉलेजमार्फत लेखी कळवून, सगळ्या चाळिसांना सांग की एकशे त्र्याऐंशी चूक आहे, एकशे चौऱ्याहत्तर बरोबर. कारण विचारलं तर तेही सांग. 'वापरकर्तीने माहिती चुकीची दिली' असलं गुळमुळीत नको. 'माझ्या बहिणीने मला फसवलं आणि मी खाली वाकून पाहिलं नाही', असं सरळ सांग. आकड्याने तुझी लाज जाईल, याचं मला वाईट वाटतं. ते दुरुस्त करायला दुसरी वाट मला दिसत नाही. तुला जमणार नसेल तर मी शनिवारी अकरा वाजता शेवटच्या रांगेतून उठून बोलेन, आणि माझं बोलणं तुला माहीत आहे, कुणाची भीड नसते त्याला.

हे पाकीट मी स्वतः तुझ्या ऑफिसच्या पेटीत टाकून जातेय. जिना चढून वर येणार नाही. उत्तर मला लेखी हवं, शुक्रवार, २० मार्च, संध्याकाळी पाचच्या आत. फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा म्हणेन, सगळं उत्तम आहे, आणि तू पुन्हा विश्वास ठेवशील.

तुझी
ताई